अर्ध्या इंचाची नळी

माहेरच्या मोटारीचा आवाज मी आधी फोनवर ऐकला. आई बोलत होती आणि तिच्या मागे कुणीतरी पत्र्याच्या डब्यात गारगोट्या घालून डबा हलवतंय असं वाटत होतं. "नळ आलाय, मोटार लावलीय," आई म्हणाली. भावाने बेअरिंग दोनदा बदलून घेतली होती, सील बदललं होतं. आवाज होता तसाच. पूर्वी गच्चीवरची टाकी पाऊण तासात भरायची, आता दीड तास लागत होता. मोटार फिरते तेवढीच, मग पाणी जातं कुठे? या एका प्रश्नासाठी मी मार्चमध्ये पंप रिक्षात घालून छत्रपती संभाजीनगरमधल्या गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गेले.

गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार. नाव तेवढं उरलंय. आता सुपारी हनुमानाच्या आसपास कपडे, भांडी, लग्नाचं सामान आणि दुपारीही न हटणारी गर्दी. तिथून रंगारगल्लीच्या अंगाला वळलं की मोटारी भरून देणाऱ्या मिस्त्रीचं दुकान. एक शटर, आत जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं. दुकान दिसायच्या आधी वास येतो. जळलेल्या वॉर्निशचा आणि ओल्या लोखंडाचा एकत्र वास. पुढचे आठ दिवस तो माझ्या ओढणीला होता आणि दर वेळी त्या वासाबरोबर मला मिस्त्रीचं बोट आठवत राहिलं.

गल्लीतले सगळे त्यांना मामू म्हणतात. मामूंनी पंप खोलायच्या आधी टेबलावर चालवून पाहिला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या पोटावर, मूठ कानाच्या हाडावर. डोळे मिटलेले. मग बंद केला. "बेअरिंग चांगली आहे, ताई. इथं पाण्याच्या ड्रमवर पंप गप्प आहे. घरी ओरडतो ना? मग घरात बघा." मला ते उत्तर टोलवाटोलवीचं वाटलं. पण त्यांनी चार बोल्ट काढले, झाकण सोडवलं आणि पितळी इम्पेलर माझ्या हातावर ठेवला. ते त्याला पंखा म्हणतात.

पाच इंचांचा पंखा. बाहेरून चकचकीत. मामूंनी त्याचं तोंड, म्हणजे जिथून पाणी आत शिरतं ती बाजू, उजेडाकडे केली आणि पात्याच्या मुळाशी बोट फिरवलं. तिथे पितळ राहिलंच नव्हतं म्हणायचं. जाळीदार, खरखरीत, उंबराच्या आतल्या भागासारखं. प्रत्येक पात्यावर, त्याच जागी, त्याच बाजूला. मामूंनी मला तीन जुने पंखे शेजारी मांडून दाखवले. गंजलेल्याचे पापुद्रे सुटतात. वाळूने झिजलेला गुळगुळीत होतो, त्यावर पाण्याच्या वाटेने ओरखडे दिसतात. आणि हा तिसरा. "याला कुणी घासलं नाही, ताई. याला टोचलंय."

भावाचं आणि शेजाऱ्यांचं निदान एकच होतं: पंपाने हवा धरलीय. मराठवाड्यात विहिरीवरचा शेतकरीही असंच म्हणतो. आवाज तसाच असतो, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. पण हवा बाहेरून, गळक्या जोडातून येते. इथे जोड कोरडे ठणठणीत होते. इथे पाणीच फाटत होतं.

उकळायला उष्णताच लागते असं आपण धरून चालतो. पाण्याला मात्र वरून दाबून ठेवणारा दाब काढून घेतला तरी पुरतं. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच आहे. इथली हवा पाण्यावर जो भार टाकते तो पाण्याच्या सुमारे साडेनऊ मीटर उंच खांबाएवढा. २५ अंशांच्या पाण्याला वाफ होण्यापासून रोखायला या साडेनऊ मीटरपैकी जेमतेम एक फूट पुरतो. म्हणजे शिल्लक भरपूर. पण पंप ओढत राहिला आणि मागून पाणी पुरेसं आलं नाही, तर ही शिल्लक उडून जाते आणि हाताला गार लागणारं पाणी पंख्याच्या तोंडाशी उकळतं. मे महिन्यात पाणी ४० अंशांना गेलं की त्या एका फुटाचे अडीच फूट होतात. या गार उकळण्यालाच अभियंते कॅव्हिटेशन म्हणतात. मामू म्हणतात, "पंप भूका है."

उपाशी पंप. मला यापेक्षा नेमका शब्द नंतर कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

त्यांनी मला तो दाखवलाही. ड्रमात एक इंची पारदर्शक नळी सोडली, जुना पंखा परत बसवला, पंप लावला. पाणी शांतपणे फिरून ड्रममध्येच पडत होतं. मग त्यांनी ओढणारी नळी दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू चिमटली. आधी काहीच नाही. मग नळीत पांढुरकं धुकं आलं आणि त्याच क्षणी तो आवाज, आईच्या फोनमागचा, गारगोट्यांचा. बाहेर पडणारी धार लुळी पडली. अंगठे सोडले, आवाज गेला, धार सरळ झाली. मी त्यांना पुन्हा करायला लावलं. चार वेळा. (त्या पांढुरक्यात पाण्यात विरघळलेली हवाही असते, ती दाब कमी होताच सुटते, पण पितळ खाणारी ती नव्हे.)

पितळ खाते ती वाफ, आणि तीसुद्धा जन्मताना नाही, मरताना. बुडबुडा कमी दाबात जन्मतो, पाण्याबरोबर थोडा पुढे जातो, तिथे दाब वाढतो आणि तो कोसळतो. हवेचा बुडबुडा दबला तरी गादीसारखा उरतो. वाफेचं पुन्हा पाणी होतं, आत काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून चारी बाजूंचं पाणी थेट एकमेकांवर आदळतं. लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये या कोसळण्याचं गणित मांडलं. धातूच्या जवळ असला तर बुडबुडा एका बाजूने आत दबतो आणि पाण्याची केसाएवढी पिचकारी धातूवर सुटते, सेकंदाला शंभर मीटरहून जास्त वेगाने. एकीने काही होत नाही. पण पंप चालू असेपर्यंत अशा पिचकाऱ्या एकाच जागेवर सुटत राहतात. म्हणून मामूंचं बोट पात्याच्या अगदी कडेला नव्हतं, कडेपासून थोडं आत होतं. पाणी उकळलं होतं कडेला, खड्डे पडले होते पुढे.

हे सगळं पितळेच्या झिजेपुरतं असतं तर पंखा बदलून काम भागलं असतं. टाकीला दीड तास का, हे उत्तर पात्याच्या आकारात आहे. पंख्याचं पातं म्हणजे पाण्यातला विमानाचा पंखच. एका बाजूने पाणी वेगाने सरकतं, तिथे दाब कमी; दुसऱ्या बाजूला जास्त. या फरकावरच पातं पाण्याला ढकलतं. हायड्रोफॉइल बोट याच आकाराच्या पंखांवर पाण्याबाहेर उचलली जाते. आता गंमत अशी की ज्या बाजूला दाब कमी, तिथेच वाफ होते. आणि वाफ झाली की त्या जागेचा दाब आणखी खाली जाऊच शकत नाही. सुरुवातीला फरक कळत नाही. वाफेचा थर पात्यावर पसरत गेला की पाण्याला पात्याचा खरा आकार लागत नाही, वाफेने सुजवलेला आकार लागतो. उचल घटते, ओढ वाढते, थर तुटून तुटून वाहत जातो आणि पातं थरथरतं. आमच्या पंपाचा पंखा मिनिटाला सुमारे २८८० फेरे घेतो. पाच इंची पंख्याची बाहेरची कड ताशी जवळपास ७० किलोमीटरने धावते. साध्या पात्यांच्या हायड्रोफॉइल बोटींना ताशी ८०-९० किलोमीटरच्या पलीकडे जाताना हीच वाफ आडवी येते. आमच्या घरातला पंप आणि समुद्रावरची बोट एकाच भिंतीला धडकतात, हे मला त्या दुकानात बसून पहिल्यांदा कळलं.

इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांना हे १८९४ मध्ये कळलं. त्यांच्या टर्बिनिया बोटीचा पंखा वाफेच्या टर्बाइनवर भन्नाट फिरत होता आणि बोट पळत मात्र नव्हती. मोटार फिरते, पाणी जात नाही. आईची तक्रार तीच. पार्सन्सनी इंजिनाला दोष देत बसण्याऐवजी पाण्याची छोटी बंदिस्त पेटी केली, पाणी उकळण्याच्या जवळ आणलं आणि लखलखत्या उजेडात पंखा निरखला. मग एका दांड्याच्या जागी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे बसवले. भार वाटला गेला आणि बोट ३४ नॉट्सच्या वर पळाली. आपल्या नौदलासाठी अशाच चाचण्यांचा पाण्याचा बोगदा विशाखापट्टणमच्या प्रयोगशाळेत आहे. मामूंकडे प्लास्टिकचा ड्रम आणि दोन अंगठे आहेत.

"घरी नळी कितीची?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. भावाला फोन लावला. पंपाचं तोंड एक इंच. नळाची जोडणी अर्धा इंच.

मामूंनी मान हलवली. एवढंच हवं होतं त्यांना. "एक इंचाचं तोंड, अर्धा इंचाचा घास."

अर्धा इंच म्हणजे निम्मं पाणी असं मला वाटलं होतं. हिशेब तसा नाही. व्यास निम्मा झाला की नळीचं तोंड पावपट होतं, तेवढंच पाणी न्यायला वेग चौपट लागतो आणि घर्षणात हरवणारा दाब तीसेक पटींनी वाढतो. मामूंचे अंगठे नळीवर काही क्षणच होते. आमच्या घरात अर्ध्या इंचाचे ते अंगठे नळ येईल तेव्हा, तास-दीड तास, वर्षानुवर्षं दाबलेले होते. पंपाच्या चाचणीत पाण्याचा दाब ३ टक्के पडला की ती मर्यादा मानतात; बुडबुडे आणि टोचणं त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. आणि आम्ही बेअरिंगवर पैसे घालत होतो.

मामूंनी नवा पंखा विकायला नकार दिला, हे मला इथे लिहायचंच आहे. गल्लीला इतकी दुकानं खेटून आहेत, पंखा विकणं सोपं होतं. "आज घालतो, पुढच्या साली परत याल. आधी नळावरून मोटार काढा."

खरी गोष्ट तिथेच आहे आणि ती आमच्या घरापुरती नाही. शहराचं बहुतेक पाणी पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून येतं. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट, शहर त्याहून तीनशेवर फूट उंच. म्हणजे ते पाणी नळात येण्याआधीच मोठ्या पंपांनी चढवलेलं आहे. मलिक अंबरच्या काळातली नहर मात्र शहराच्या उत्तरेच्या डोंगरातून उताराने येत होती, तिला ढकलावं लागत नव्हतं. वाटेत उभे केलेले पाण्याचे मनोरे दाब आणि हवा सांभाळत. आज शेवटच्या गल्लीत उरतो तेवढा दाब प्रत्येक घर आपल्या मोटारीने ओढतं. एका घराने लावली की शेजारचं लावतं, नाहीतर त्याला मिळत नाही. नळी उपाशी, म्हणून पंप उपाशी, म्हणून अजून मोठी मोटार. गल्लीच्या टोकाच्या घरात नळ नुसता फुसफुसतो. आणि जमिनीखालच्या नळीत दाब बाहेरच्यापेक्षा खाली गेला की जिथे चीर असेल तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पितळ खाणारा तोच कमी दाब. मला हे मान्य करायला जड गेलं, कारण त्या ओळीत आमचंही घर आहे. पण नळाला थेट मोटार लावणं वाईट आहे. स्वतःच्या पंपाला, शेजाऱ्याला आणि पिण्याच्या पाण्याला.

उपाय जुनाच निघाला. आमच्या वाड्यात जिन्याखाली हौद होता. आजीच्या काळात वापरात होता, मग त्यावर फरशी टाकून सायकली ठेवल्या. भावाने फरशी काढली, हौद घासला, चुना-सिमेंटने भेगा भरल्या. आता नळ आपल्या दाबाने हौदात पडतो, अर्ध्या इंचाने, जेवढं यायचं तेवढं. पंप हौदाला खेटून, त्याच्या पाण्याच्या पातळीखाली, एक इंचाच्या आखूड नळीवर. आडवळण एकही नाही. मोठी जलविद्युत यंत्रं बसवतानाही हेच करतात: पाणी उपसून परत वर चढवणारं यंत्र खालच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली ठेवतात, म्हणजे पात्यावर भार राहतो.

मामू नवा पंखा बसवायला स्वतः आले. पंप सुरू झाला. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं आणि मूठ माझ्याकडे केली. मी कान लावला. मोटारीची एकसारखी घूं, बाकी काही नाही. टाकी चाळीस मिनिटांत भरली. जुना पंखा मी मागून घेतला, तो माझ्या टेबलावर आहे; बोट फिरवलं की अजून टोचतं.

यापुढे नळ येईल त्या दिवशी आपल्या मोटारीजवळ दोन मिनिटं उभे राहा. गारगोट्या वाजत असतील तर मिस्त्रीकडे नवा पंखा मागू नका. आधी नळी मोजा.