शौर्याला तराजू एकच हवा

२३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ निनावी बेटांना देशाच्या २१ परमवीर चक्र विजेत्यांची नावे देण्यात आली. उपक्रम स्तुत्य होता, ह्याबद्दल दुमत नाही. परंतु ह्या नावांची यादी किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने वाचली की एक गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही. २१ पैकी २० वीर भूदलाचे आहेत आणि एक, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, वायुदलाचे. नौदलाचे नाव एकही नाही. चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या बेटांवर समुद्रावर लढलेल्या एकाही वीराचे नाव कोरले जाऊ नये, हा दैवदुर्विलास म्हणावा की मोजमापातील दोष?

नियमांत दोष नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. शत्रूच्या समोर, मग ते भूमीवर असो, समुद्रावर असो वा आकाशात, असामान्य शौर्य वा आत्मबलिदान घडले असता परमवीर चक्र द्यावे, असे सनद सांगते. ह्या पदकाचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकर ह्या जन्माने युरोपीय आणि विवाहाने महाराष्ट्राची सून झालेल्या विदुषीने केले. त्यावर इंद्राचे वज्र आहे. ज्या दधीचींच्या अस्थींपासून ते वज्र घडले, त्यांनी देह अर्पण करताना युद्ध कोणत्या लोकी व्हावयाचे, असे विचारले नव्हते.

केवळ आकड्यांवरून अन्यायाचा ओरडा करणे आम्हांस मान्य नाही. १९४७ पासूनच्या प्रत्येक युद्धात रक्ताचा सर्वांत मोठा वाटा भूदलाने दिला आहे. कारवारजवळच्या चेंडिये गावचे सुपुत्र सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे ह्यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग शत्रूच्या माऱ्याखाली दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांचे परमवीर चक्र कोणाच्या कृपेचे नव्हते. उलट, बंदूक न झाडता हातांनी सुरुंग उपसणाऱ्या अभियंत्याचे धैर्यही तेच धैर्य होय, हे त्या वेळी ओळखले गेले, ह्याचा आम्हांला अभिमान आहे. प्रश्न इतकाच की, ही दृष्टी पाण्यावर का पोहोचू नये?

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून काही मैलांवर ‘खुकरी’ ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीरांनी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक जलसमाधीस मिळाले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला ह्यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्यास दिले, माणसांना नौका सोडण्यास सांगितले आणि स्वतः नौकेबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. ते लहान पदक नव्हे. पण आत्मबलिदान हा शब्द सनदेत असताना ह्याहून मोठे आत्मबलिदान कोणते, असे सामान्य वाचकाने विचारले तर त्यास काय उत्तर द्यावे?

अडचण शौर्याची नाही, साक्षीची आहे. खंदकात लढणाऱ्या जवानाची कृती शेजारचा जवान पाहतो. ती एका माणसाची असते, तिचे वर्णन करता येते. युद्धनौका मात्र एका देहासारखी लढते. यंत्रघरात पाणी शिरत असता झडप बंद करणारा खलाशी शत्रूचे तोंडही पाहत नाही. नौका बुडाली की साक्षीदारही बुडतात. नौका जिंकली तर पदक बहुधा तिच्या कप्तानास मिळते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर झालेल्या हल्ल्यात तुकडीप्रमुख बब्रुभान यादव ह्यांना महावीर चक्र आणि क्षेपणास्त्र नौकांच्या कप्तानांना वीर चक्र मिळाले. त्याच युद्धात लीडिंग सीमन चिमनसिंग ह्यांना महावीर चक्र लाभले, म्हणजे साध्या खलाश्यापर्यंतही हा मान पोहोचू शकतो. पण अशी उदाहरणे मोजकीच.

मोजमापाचा हा दोष जुना आहे. तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात इतवारासारख्या जुन्या वस्त्या आज गजबजलेल्या दिसतात. मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे हे शहर एके काळी मोठे ठाणे होते. तेथे सरदाराची प्रतिष्ठा ‘जात’ आणि ‘सवार’ ह्या मनसबीच्या आकड्यांनी मोजली जाई. सवार म्हणजे पदरी बाळगावयाचे घोडेस्वार. मोजावयाचे माप घोडा, मग दर्या हिशेबात येणार कसा? सागरी काम जंजिऱ्याच्या सिद्दीकडे सोपवून बादशाही मोकळी झाली. शिवछत्रपतींनी आरमार उभारले, आणि पुढे मराठी राज्याने कान्होजी आंग्र्यांस ‘सरखेल’ हा मान दिला, तो समुद्राचे माप वेगळे असते हे ओळखूनच.

ह्यावर उपाय नाही असे नाही. ब्रिटिशांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या नियमांत एक सोय आहे. संपूर्ण तुकडीने सारखेच शौर्य दाखविले असेल, तर पदक कोणी धारण करावे हे सहकाऱ्यांनी मतदानाने ठरवावे. १९१८ मध्ये झीब्रुगच्या सागरी हल्ल्यानंतर तसे झाले. आपल्याकडे अशा तरतुदीचा विचार का होऊ नये? दुसरे असे की, ‘शत्रूच्या समोर’ ह्या शब्दांचा अर्थ पाणबुडी, यंत्रघर आणि वैमानिकाचे आसन ह्यांना कसा लागू पडतो, हे स्पष्ट लिहिलेले असावे. तिसरे, तिन्ही दलांच्या शिफारशी मंत्रालयात शेजारी-शेजारी ठेवून एकाच नजरेने वाचल्या जाव्यात.

शांतताकाळातील पदकांनाही हे लागू आहे. अंतराळात आठवडाभर राहिलेल्या राकेश शर्मांना १९८४ मध्ये अशोक चक्र मिळाले. गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’ ह्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे शौर्य चक्राचे मानकरी ठरले, तर त्याच नौकेतून न थांबता ती पुरी करणारे अभिलाष टॉमी कीर्ती चक्राचे. दोन खलाश्यांतील फरक समजतो. आकाश आणि सागर ह्यांतील फरक कोणत्या मापाने ठरला, हे कोणी सांगावे?

आम्हांला नौदलासाठी राखीव पदके नकोत. तसे केल्यास पदकाचेच तेज उणे होईल. परंतु शौर्यपदकाबरोबर मानधन येते, राज्यांची बक्षिसे येतात, आणि घरातल्या विधवेला व मुलांना समाजात ताठ मानेने उभे राहता येते. म्हणून माप चुकले तर ते केवळ कागदावर चुकत नाही. १९६१ मध्ये अंजदीव बेटावर उतरताना आपल्या मुक्तीसाठी नौदलाचे ७ जवान पडले. दीवच्या किनाऱ्यावर खुकरीची प्रतिकृती उभी आहे. तेथे गेलेला गोमंतकीय हात जोडतो, तेव्हा तो पदकाची श्रेणी विचारीत नाही. सरकारला मात्र ती ठरवावी लागते, आणि म्हणूनच ती एकाच तराजूने ठरली पाहिजे.