मेणबत्तीत जळते ते काय?

दरवर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर मेणबत्त्या लागतात. १९३५ साली याच दिवशी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती. तिथे वंदनेला लावलेली मेणबत्ती असो की वीज गेल्यावर फडताळातून काढलेली, ती आपल्या इतकी ओळखीची असते की तिच्याविषयी कुणी काही विचारतच नाही. त्यामुळे गैरसमजही सुखाने नांदतात.

सगळ्यात पक्का गैरसमज हा की जळते ती वात, मेण फक्त तिला उभे धरते. तसे असते तर सुताचा तेवढासा तुकडा मिनिटभरात संपला असता. जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या आचेने मेण ५०-६० अंश सेल्सिअसला वितळते, वातीच्या धाग्यांतून वर चढते, टोकाशी आणखी तापून त्याची वाफ होते आणि ही वाफ हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पेटते. घन किंवा पातळ मेणाला नुसती काडी लावून पाहा, ते पेटत नाही.

याचा पुरावा घरीच मिळतो. मेणबत्ती हलकेच विझवली की पांढरी रेघ वर जाते. तिला आपण धूर म्हणतो, पण ती असते गार होऊन बारीक कणांत गोठलेली मेणाची वाफ. वातीच्या दोनेक सेंटीमीटर वर, त्या रेघेत जळती काडी धरा. ज्योत रेघेवरून खाली धावत जाऊन वात पुन्हा पेटवते. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी केवळ मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, त्यात हा प्रयोग होता. विषय एकच आणि व्याख्याने सहा, तरी तो पुरून उरला.

‘मेण वितळून संपते’ हेही अर्धेच खरे. ओघळलेले मेण खाली सापडते. जळालेले हवेत जाते. १ ग्रॅम मेण पुरते जळाले तर सुमारे ३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १.३ ग्रॅम पाण्याची वाफ तयार होते. वजन वाढते कारण त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळतो. ज्योतीच्या जरा वर गार स्टीलचा पेला क्षणभर धरला की त्यावर दमटपणा दिसतो. ते पाणी ज्योतीतूनच आलेले असते.

पिवळा भाग सर्वांत उजळ, म्हणून तोच सर्वांत तप्त, असेही आपण धरून चालतो. पिवळा उजेड देतात ते तापून लखलखणारे काजळीचे कण, म्हणजे अजून न जळालेला कार्बन. तिथे साधारण १२०० अंश तापमान असते. ज्योतीच्या बाहेरच्या, जवळजवळ न दिसणाऱ्या कडेला हवा भरपूर मिळते, तिथे ते १४०० अंशांपर्यंत जाते. वातीलगतचा काळपट भाग त्यामानाने थंड. पिवळ्या भागात गार वस्तू धरली की तिच्यावर काजळी बसते.

येवल्यात ही गोष्ट माहीत असलेली बरी, कारण पैठणी घेताना सुटा धागा जाळून बघणारी चोखंदळ गिऱ्हाइके असतात. धागा पिवळ्या ज्योतीत खुपसला तर राख पाहायची की काजळी, हेच कळत नाही. तो कडेला धरावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, राख चिमटीत चुरते आणि ज्योतीपासून दूर नेले की धागा बहुधा आपोआप विझतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पण एवढ्यावरून पैठणी अस्सल ठरत नाही. धागा रेशमाचा आहे एवढेच कळते. साडी हातमागावरची की यंत्रमागावरची, हे ज्योत सांगत नाही. त्यासाठी पदर उलटून पाहावा. हातमागाच्या पारंपरिक विणीत मागच्या बाजूला लोंबते धागे नसतात.

आता उष्णता. ‘मेणबत्तीची ऊब ती काय!’ असे म्हणणाऱ्याने हिशोब करावा. साधी मेणबत्ती तासाला सुमारे ६ ग्रॅम मेण जाळते आणि १ ग्रॅम मेणातून सुमारे ४६ किलोज्यूल ऊर्जा निघते. म्हणजे साधारण ७५ वॅट, शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून निघते जवळपास तेवढीच उष्णता. उजेड मात्र जेमतेम १२-१३ ल्युमेन. ९ वॅटचा एलईडी बल्ब ८००च्या पुढे देतो. मेणबत्ती दिवा म्हणून कंगाल, शेगडी म्हणून बरी. ऊब जाणवत नाही याचे कारण तापलेली हवा हलकी होऊन सरळ वर जाते. ज्योतीच्या बाजूला चार बोटांवर हात टिकतो, वर वीतभर अंतरावरही टिकत नाही. म्हणून पडद्याखाली किंवा फळीखाली मेणबत्ती ठेवू नये. वर धावणाऱ्या या हवेनेच ज्योतीला निमुळता आकार येतो. १९९२ साली अंतराळयानात मेणबत्ती पेटवली तेव्हा ज्योत गोल आणि निळसर झाली होती.

शाळेतला बशीतल्या पाण्याचा प्रयोग आठवतो? मेणबत्तीवर पेला पालथा घातला की ती विझते आणि पाणी वर चढते. ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ हे त्याचे ठरलेले उत्तर चूक आहे. ज्योत विझते तेव्हा पेल्यातल्या हवेत साधारण १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, शिवाय त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. पाणी मुख्यतः चढते ते तापून फुगलेली हवा विझल्यावर गार होऊन आकसते म्हणून. नीट पाहिले तर पाण्याची मोठी उडी ज्योत विझल्यानंतरच दिसते.

शेवटचा गैरसमज धोक्याचा आहे: रांगेत दाटीने लावल्या तरी प्रत्येक मेणबत्ती आपापली जळते. तसे होत नाही. शेजारच्यांच्या आचेने मेण भराभर वितळते, ज्योती एकमेकींत मिसळून उंच होतात, खाली साठलेले मेण तापत जाते. २०० अंशांच्या पुढे गेलेल्या मेणाची वाफ वातीवाचूनही पेटू शकते. अशा वेळी पाणी ओतू नये. पाणी जड म्हणून तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि जळते मेण सगळीकडे उडते. दोन मेणबत्त्यांत वीतभर अंतर आणि खाली कोरड्या वाळूचा ट्रे असला की काम भागते. मेण पेटलेच तर धातूचे झाकण किंवा वाळू टाकावी.