उपचार संपले, ठणका उरला : दाढेच्या दुखण्याचे आणि धास्तीचे गणित

शॅननमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे दातांचे वेळापत्रक पुष्कळदा मायदेशातील सुट्टीला बांधलेले असते. १९५९ साली स्थापन झालेल्या मुक्त औद्योगिक क्षेत्रामुळे आकाराला आलेल्या या नगरात दुखरी दाढ वर्षभर सांभाळायची आणि पुण्या-मुंबईच्या तीन आठवड्यांच्या मुक्कामात ओळखीच्या दंतवैद्याकडून रूट कॅनाल व कॅप उरकून घ्यायची, ही रीत अनेक घरांत रूढ आहे. अडचण उभी राहते ती परतल्यावर. घास चावताना सणक येते, थंड पाणी झोंबते, रात्री ठसठस जाणवते. ज्याने उपचार केले तो हजारो किलोमीटर दूर असतो आणि इथल्या दंतवैद्याने ती दाढ कधी पाहिलेलीच नसते. अशा वेळी मुळातच दंतवैद्याच्या खुर्चीची धास्ती घेणाऱ्या माणसाचे दुखणे दुप्पट होते. अर्धे दाढेत असते, अर्धे मनात.

प्रथम जाणून घ्यावे ते हे की, उपचारानंतर काही काळ दुखणे हे उपचार फसल्याचे लक्षण नव्हे. फिलिंगनंतर दातातील मज्जा काही दिवस, क्वचित दोन-तीन आठवडे, थंड-गरमाला संवेदनशील राहते. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतील नस काढली जाते. दाताला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणारे तंतू मात्र जिवंतच असतात, आणि ते सुजलेले असले की चावताना दुखते. हे दुखणे साधारणतः आठवड्याभरात उतरते. खालच्या जबड्याला भूल देताना सुई कधीकधी स्नायूतून जाते, त्यामुळे पुढे काही दिवस तोंड पुरते उघडत नाही. ‘दातखीळ बसली’ या कल्पनेने घाबरून जाण्याजोगे हे नसते. स्नायू शेकाने आणि हलक्या व्यायामाने हळूहळू मोकळा होतो.

एक कारण मात्र वारंवार आढळते आणि सहज सुटते. फिलिंग किंवा कॅप केसभर उंच राहिली, तर तोंड मिटताना तोच दात सर्वांत आधी टेकतो आणि प्रत्येक घासाचा भार त्याच्यावर येतो. भूल उतरलेली नसताना रुग्णाला हा फरक कळत नाही, तो घरी गेल्यावर जाणवतो. दंतवैद्य रंगीत कागद चावायला देतो, उंच जागेवर खूण उमटते आणि ती थोडी घासली की बहुधा काही दिवसांत आराम पडतो. या कामाला सहसा भूलही लागत नाही. ‘दात आधी टेकतो’ एवढे एकच वाक्य सांगण्याच्या संकोचापायी माणसे महिनोन्महिने एकाच बाजूने जेवतात.

दुखण्याची दिशा ही त्याच्या तीव्रतेपेक्षा अधिक बोलकी असते. काल होते त्याहून आज कमी, ही उतरती रेषा दिलासा देणारी समजावी. दाढ काढल्यानंतर दोन-तीन दिवस बरे वाटून मग अचानक कानापर्यंत जाणारा ठणका सुरू झाला आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर जखमेवरची रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडल्याची शक्यता असते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. जखम धुऊन औषधी पट्टी भरली की वेदना लवकर आटोक्यात येते, म्हणून ती सोसत बसण्यात अर्थ नाही. गालावर वाढती सूज, ताप, पू किंवा भूल उतरण्याची वेळ उलटून गेल्यावरही ओठ बधिर राहणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी दंतवैद्याला कळवावे. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, जिभेखाली वा गळ्यापर्यंत सूज आली, तर विचार करीत न बसता ११२ किंवा ९९९ वर फोन करावा. शॅननकरांसाठी चोवीस तासांचा मोठा आपत्कालीन विभाग लिमरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात आहे.

औषधांच्या बाबतीत परदेशस्थ मराठी घरांत एक विशेष धोका संभवतो. सामानातून आणलेल्या गोळ्या आणि इथल्या गोळ्या यांची सरमिसळ होते. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल दोन्ही असतात, डोलोमध्ये ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते आणि आयर्लंडमधील नेहमीच्या पॅनाडॉलच्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम. प्रौढ व्यक्तीसाठी चोवीस तासांतील पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ४ ग्रॅम आहे. दोन-दोन पॅनाडॉल दिवसातून चार वेळा घेतल्या की ती गाठली जाते. त्यावर डोलोची भर पडली, की भार यकृतावर येतो. निमेसुलाइड तर आयर्लंडने यकृताच्या गंभीर इजांमुळे २००७ सालीच बाजारातून मागे घेतले. केटोरोलॅक आणि आयबुप्रोफेन एकत्र घेऊ नयेत. आम्लपित्त, दमा, मूत्रपिंडाचे विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर औषधविक्रेत्याला तसे सांगूनच गोळी निवडावी. घरात उरलेले प्रतिजैविक स्वतःहून सुरू करणेही टाळावे, कारण केवळ सूक्ष्म सूज किंवा उंच कॅप यांवर ते काहीही करीत नाही. लवंगेच्या तेलातील युजेनॉल दंतवैद्यकातही वापरले जाते, पण निव्वळ तेल हिरडीवर किंवा ताज्या जखमेत लावल्यास ती जागा पोळते. कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या अधिक सुरक्षित असतात. दाढ काढली असल्यास त्या दुसऱ्या दिवसापासून कराव्यात.

आता धास्तीकडे. दातांच्या भीतीची मोजदाद करणारी प्रश्नावली नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये मांडली. तिची १९९५ पासून वापरात असलेली सुधारित आवृत्ती केवळ पाच प्रश्नांची आहे. तिच्यात ५ ते २५ गुण मिळतात आणि १९ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे तीव्र भीती. जेराल्ड केंट यांच्या १९८५ च्या अभ्यासात एक मार्मिक गोष्ट दिसून आली. भित्र्या रुग्णांना तीन महिन्यांनी आठवणारी वेदना प्रत्यक्ष सोसलेल्या वेदनेपेक्षा आधी कल्पिलेल्या वेदनेशी अधिक जुळत होती. म्हणजे भीती स्मृतीलाही आपल्या रंगात रंगवते आणि पुढच्या भेटीची धास्ती त्या रंगवलेल्या स्मृतीवर पोसली जाते.

यावर उपाय नोंदीचा आहे. एका वहीत सकाळी आणि रात्री, दिवसातून दोनदाच, वेदनेला शून्य ते दहांपैकी गुण द्यावेत. ती कशाने वाढली आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, हेही लिहावे. मधल्या वेळात जिभेने दात चाचपणे, तो दाबून पाहणे, आरशात हिरडी न्याहाळणे कटाक्षाने टाळावे, कारण सतत डिवचलेली जागा दुखतच राहते. काळजीने दात आवळले जातात आणि आवळलेला जबडाही दातासारखाच दुखतो. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ सैल, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती दिवसातून अनेकदा आठवावी. आठवडाभराची नोंद समोर असली की ‘फार दुखते’ या मोघम तक्रारीऐवजी दंतवैद्याच्या हाती निश्चित माहिती पडते.

भेट ठरवतानाच आपण घाबरतो असे स्वागतकक्षात सांगण्यात कमीपणा नाही. शक्यतो सकाळची वेळ मागावी म्हणजे दिवसभर वाट पाहावी लागत नाही. हात वर केला की काम थांबेल, एवढा संकेत आधीच ठरवून घ्यावा. भारतात उपचार झाले असल्यास क्ष-किरण प्रतिमा, रूट कॅनालची तारीख आणि वापरलेल्या साहित्याची नोंद निघण्यापूर्वीच मागून घ्यावी, आणि विमानाआधी निदान काही दिवस मोकळे ठेवावेत म्हणजे उंच कॅप तिथेच घासून घेता येईल. आयर्लंडमध्ये पुरेसे पीआरएसआय भरलेल्यांना वर्षातून एकदा दंततपासणी विनामूल्य मिळते. रूट कॅनाल व कॅपसारख्या उपचारांवर मेड २ अर्जाच्या आधारे २० टक्के करसवलतही मागता येते.

क्वचित दाढ पूर्ण बरी होऊनही महिने लोटले तरी दुखणे राहते. रूट कॅनालनंतर सहा महिन्यांनी सुमारे पाच टक्के दातांत काही वेदना उरते, असे संशोधनांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे, आणि तिचे मूळ नेहमी दातातच असते असे नाही. मज्जातंतू, जबड्याचा सांधा किंवा स्नायूही ती निर्माण करतात. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल, तर दुसरा दात काढण्याचा किंवा पुन्हा रूट कॅनालचा आग्रह धरण्याआधी चेहऱ्याच्या वेदनेच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची विनंती करावी. अशा वेदनेवर वेगळी औषधे असतात, आणि ती वेळेवर मिळाली तर एक निरोगी दात वाचू शकतो.