उलट्या थांबल्या की दवाखानाही थांबतो. गरोदरपणाचे मधले महिने असे हातचे घालवू नका

उलट्या थांबतात. फोडणीचा वास सोसायला लागतो, भाकरी गोड लागते, चेहऱ्यावर तजेला येतो. चौथा महिना सरता सरता बहुतेक बायकांना वाटतं, सुटले एकदाची! घरचेही निश्चिंत होतात. आता थेट आठव्या-नवव्यात दवाखाना बघू, असं ठरतं. आणि नेमका इथंच घोळ होतो.

कारण त्रास कमी झाला म्हणजे काम संपलं असं नसतं. रक्त कमी आहे का, साखर वाढतेय का, बीपी चढतंय का, बाळाचे अवयव नीट तयार झालेत का, हे सगळं याच मधल्या महिन्यांत कळतं. आणि कळलं तर दुरुस्तीला वेळही याच महिन्यांत असतो. नवव्या महिन्यात रक्त सात निघालं तर ते गोळ्यांनी भरून काढायला दिवसच उरत नाहीत. पाचव्यात कळलं तर उरतात. एवढा साधा हिशोब आहे.

आधी महिन्यांचा घोळ मिटवू. घरात आपण ‘पाचवा लागला’ असं म्हणतो, दवाखान्यात आठवडे मोजतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात आणि एकूण ४० होतात. त्यातले साधारण १४ ते २७ आठवडे म्हणजे मधला काळ. आषाढी एकादशीच्या आसपास पाळी चुकली असेल, तर दिवाळीला जवळपास वीस आठवडे भरतात. ही दिवाळी लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

अंगात काय काय होतं

गर्भाशय आता ओटीपोटातून वर येतं. पाचवा-सहावा महिना होता होता ते बेंबीपर्यंत पोचतं. त्यामुळं कंबर दुखते, उठताना जांघेत चमक येते, रात्री पोटरीत गोळे येतात. छातीत जळजळतं, पोट साफ होत नाही. बेंबीपासून खाली काळसर रेघ उमटते, गालावर वांगासारखे डाग येतात. बाळंतपणानंतर हे बहुतेक फिकट होतं, त्यासाठी क्रीम आणत बसायची गरज नाही.

एकदम उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येते, ती का? बाळाला पुरावं म्हणून अंगातलं रक्त वाढतं, पण त्यातला पाण्याचा भाग लवकर वाढतो आणि लाल पेशी मागं राहतात. शिवाय या महिन्यांत बीपी थोडं खाली असतं. त्यामुळं अंथरुणातून उठताना आधी कुशीवर व्हा, मग बसा, मग उभ्या राहा. झोपताना डाव्या कुशीवर झोपलेलं बरं. पण सारखी चक्कर येत असेल, चार पायऱ्या चढून धाप लागत असेल, नखं आणि डोळ्याच्या आतली कड पांढुरकी दिसत असेल, तर ‘पोटुशीला असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. ते रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं.

आणि मग एक दिवस बाळ हलतं. पहिलटकरणीला हे साधारण १८ ते २० आठवड्यांत कळतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दोनेक आठवडे आधी. सुरुवातीला ओळखूच येत नाही. पोटात वारा फिरला की काय असं वाटतं, कुणी सांगतं पाण्यात मासोळी वळल्यागत झालं. दिवसभर राबणाऱ्या बाईला ते कळत नाही, रात्री पाठ टेकली की कळतं. वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर हालचाल उशिरा जाणवते. त्यामुळं जावेचं बाळ साडेचार महिन्यांत हललं आणि माझं नाही, म्हणून घाबरू नका. मात्र २४ आठवडे झाले तरी काहीच जाणवलं नाही, किंवा रोज हलणारं बाळ गप्प झालं, तर वाट न बघता दाखवून यायचं.

लाल गोळी घरात आहे, पोटात नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दोघींत एक. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते कमी, आणि ७ च्या खाली गेलं तर थेट जिवाशी गाठ. कारण बाळंतपणात थोडं रक्त तर प्रत्येकीचंच जातं. जिच्याकडं मुळातच शिल्लक नाही, तिला तेवढंही जड जातं.

सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी मिळते. रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. आशाताई पाकिटं घरपोच देते. पण कितीतरी घरांत ती फडताळात तशीच पडून असतात. गोळीनं संडास काळी होते, मळमळतं, पोट घट्ट होतं म्हणून बाई दोन दिवसांत थांबते. वर कुणीतरी सांगतं, गोळीनं बाळ काळं होतं. बाळाच्या रंगाचा आणि गोळीचा काडीचा संबंध नाही. संडास काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

गोळी रात्री, जेवण झाल्यावर तासाभरानं घ्या, मळमळ कमी होते. चहासोबत किंवा दुधासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी चालतं, आवळा चालतो. कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या मिळतात, त्या दिवसातून दोनदा जेवणासोबत. दोन्ही गोळ्या एकदम गिळल्या तर लोहाची गोळी वाया जाते, म्हणून दोन तासांचं अंतर ठेवा. जंताची एक गोळी याच काळात देतात, तीही घ्यायची. पोटात जंत असले तर खाल्लेलं लोह आधी तेच पळवतात. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही विचारून घ्या.

खाण्याबाबत एकच भांडण नेहमीचं. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल.’ असं म्हणून सुनेच्या ताटातली भाकरी कमी करणाऱ्या सासवा अजून आहेत. मनात वाईट नसतं त्यांच्या, पण परिणाम वाईट होतो. बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि मग काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येते. मधल्या महिन्यांपासून महिन्याला दीड-दोन किलो वजन वाढायला हवं. त्यासाठी महागाचे डबे लागत नाहीत. बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, शेपू, तांदुळजा, शेवग्याची पानं, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं. आणि जेवायला घरातल्या सगळ्यांच्या आधी, निदान सगळ्यांसोबत बसायचं. खरकट्या भगुल्यात उरेल तेवढ्यावर दोन जीव पोसत नाहीत.

ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, या समजाबद्दल एवढंच सांगतो, की दिवसभर उपाशी कोंडून ठेवल्यानं मात्र बाईला नक्की चक्कर येते.

साखर, बीपी आणि सोनोग्राफी

साखरेची तपासणी दोनदा असते. एकदा नाव नोंदवताना, दुसऱ्यांदा २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. सरकारी पद्धतीत यासाठी उपाशी जावं लागत नाही. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या वेळी ठीक होती म्हणून दुसरी तपासणी टाळू नका. सहाव्या महिन्यापासून वारेतून निघणारी संप्रेरकं साखर वाढवतात, त्यामुळं आधी चांगली असलेली साखरही नंतर चढू शकते. बाईला काही त्रास जाणवत नाही, तपासल्याशिवाय कळत नाही.

बीपीचंही तसंच. वीस आठवड्यांनंतर ते १४०/९० किंवा त्यापुढं गेलं आणि लघवीत प्रथिनं जायला लागली, तर झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. संध्याकाळी पाय सुजले तर ते बहुतेक उभं राहिल्यानं. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं, हाताच्या बांगड्या घट्ट झालेल्या, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं काजवे, बरगडीखाली दुखतंय, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. रक्त जाणं, अंगावरून पाणी जाणं, ताप, झटका, यातही तेच. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा, दोन्ही मोफत आहेत.

सोनोग्राफीत १८ ते २० आठवड्यांची महत्त्वाची. बाळाचं डोकं, मणका, हृदय, हातपाय तेव्हा तपासतात. काही गंभीर दोष निघाला तर पुढं काय करायचं याचा विचार करायला वेळ लागतो, आणि गर्भपाताच्या कायद्याच्या अटी वीस आठवड्यांनंतर कडक होतात. म्हणून ही तपासणी सातव्यात करून भागत नाही. आणि हो, मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे, १९९४ च्या कायद्यानं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायकांची मोफत तपासणी करतात. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठीच ती ठेवलेली आहे. पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपयेही मिळतात. त्यातल्या ३,००० च्या पहिल्या हप्त्यासाठी लवकर नोंदणी आणि एक तपासणी झालेली असावी लागते, म्हणजे इथंही उशीर नडतो.

कोयत्यावर जाणाऱ्यांसाठी

आता दिवाळीकडं येऊ. आपल्या बीड जिल्ह्यातून हजारो जोड्या दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. कोयता म्हणजे जोडी, दोघांनी मिळून उचल घेतलेली. एकटी मागं राहिली तर अर्धा कोयता मोडतो, उचल फिटत नाही. त्यामुळं पाचवा चालू असलेली बाईसुद्धा गाडीत बसते. रक्त वाढवायचे, साखर बघायचे, सोनोग्राफीचे सगळे आठवडे मग फडात जातात. गावातल्या आशाताईच्या वहीत नाव राहतं, बाई तिथं नसते. कोपीवरच्या आशाताईला ती माहीतच नसते.

‘जाऊ नका’ असं सांगणं सोपं आहे. उचल कोण फेडणार, हे सांगणारा सांगत नाही. म्हणून जाणाऱ्यांनी निदान एवढं करावं. निघायच्या आधी सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन उरकून घ्या. आशाताईला सांगून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत मागून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड मूळ घ्या आणि त्याचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पावसात, चुलीजवळ कागद टिकत नाही. तिथं पोचल्यावर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठं, हे मुकादमाला पहिल्या आठवड्यातच विचारा. ९ तारखेची तपासणी कुठल्याही गावच्या बाईला तिथं करता येते, रहिवासी असायची अट नाही.

कामाची वाटणीही बदलावी लागेल. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडी भरणं पोटुशीनं करू नये. तोल गेला तर सरळ पोटावर आपटते. बसून वाढं बांधणं, वाकावं न लागणारी हलकी कामं तिच्याकडं ठेवा आणि मधे मधे तिला सावलीत बसू द्या. दुसरी अडचण कुणी बोलत नाही ती लघवीची. आडोसा नसतो, म्हणून बायका पाणीच कमी पितात आणि दिवसभर दाबून धरतात. त्यानं लघवीला जंतुसंसर्ग होतो. गरोदरपणात तो लवकर होतो, वर मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि दिवस भरायच्या आधी कळा सुरू करू शकतो. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं असलं तर दाखवा. आडोसा करून देणं हे टोळीतल्या पुरुषांचं काम आहे, दोन बांबू आणि एक जुनं लुगडं लागतं.

ज्या ऊसतोडीला जात नाहीत, त्यांची साखळी दुसरीकडं तुटते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं सातव्यात डोहाळजेवण झालं की लेक निघते. सोबत हिरवा चुडा, ओटी, साड्या सगळं जातं. कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि उरलेल्या गोळ्या सासरीच राहतात. माहेरच्या दवाखान्यात मग कोरी पाटी. रक्त किती होतं, इंजेक्शन कितवं झालं, तारीख कोणती दिली होती, सगळं तोंडी. ही पिशवी ओटीसोबतच भरा, आणि निघायच्या आठवड्यात सासरच्या आशाताईकडून माहेरच्या आशाताईला एक फोन करून घ्या.