विजेने हलणारे रबर

रबराची पट्टी ताणली असता लांबते व सोडली असता पूर्ववत होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु हात न लावता, केवळ विजेच्या साहाय्यानेही ती लांबविता येते. व्हिल्हेल्म रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० साली असा प्रयोग केला होता. क्ष-किरणांच्या शोधास तेव्हा पंधरा वर्षांचा अवकाश होता. वजन टांगलेल्या रबरी पट्टीस त्याने विद्युत्भार दिला, तेव्हा पट्टी लांबली. भार काढून घेताच ती आखडली.

यामागील तत्त्व सोपे आहे. रबराच्या पातळ पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंस विद्युत्वाहक असा मऊ लेप देतात. एका लेपावर धन व दुसऱ्यावर ऋण भार साठला म्हणजे ते परस्परांना ओढतात आणि मधले रबर दाबले जाते. रबराचे घनफळ सहसा बदलत नाही. त्यामुळे लाटण्याखालील पोळीप्रमाणे ते पातळ होऊन पसरते. लेपाऐवजी धातूचा ताठ पत्रा असता, तर तो रबराबरोबर पसरला नसता.

अमेरिकेतील रॉन पेलरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले, की आधीच ताणून ठेवलेल्या अॅक्रिलिक पापुद्र्याचे क्षेत्रफळ विजेमुळे दुपटीहून अधिक होऊ शकते. तेव्हापासून ‘कृत्रिम स्नायू’ हा शब्द या पदार्थांच्या संदर्भात वारंवार ऐकू येऊ लागला.

तथापि स्नायूची बरोबरी करणे सोपे नाही. ७ मार्च २००५ रोजी सॅन दिएगो येथे तीन यांत्रिक हातांनी एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीशी पंजा लढविला. त्यांपैकी स्वित्झर्लंडमधून आलेला हात अशाच रबरी पापुद्र्यांच्या गुंडाळ्यांवर चालत होता. तिन्ही हात हरले.

खरी अडचण या पदार्थाच्या गुणातच आहे. पुरेसा दाब निर्माण होण्यास बहुधा हजारो व्होल्ट लागतात. पापुद्रा जसजसा पातळ होतो, तसतसे त्यातील विद्युत्क्षेत्र वाढते. क्षेत्र वाढले की तो आणखी दाबला जातो. ही साखळी वेळीच थांबली नाही, तर वीज रबर भेदून आरपार जाते आणि पापुद्रा निकामी होतो.

हीच क्रिया उलटही घडविता येते. ताणलेल्या पापुद्र्यास भार देऊन तो आखडू दिला, तर ताणण्यासाठी खर्च झालेल्या श्रमाचा काही अंश विजेच्या रूपाने परत मिळतो. म्हणूनच सागराच्या लाटांपासून वीज मिळविण्यासाठीही या रबराचे प्रयोग झाले आहेत. जे रबर विजेने हलते, तेच हलविले असता वीज देते. मात्र दोन्ही कामे त्याने न फाटता लाखो वेळा केली पाहिजेत.