कल्हई, चारशे किलोमीटर उंचीवरची

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की आमटी कळकते. म्हणून कल्हईवाला तापल्या भांड्यात कथील लावून, नवसागर टाकून कापसाचा बोळा झरझर फिरवायचा. अवकाशयानांनाही अशी कल्हई लागते. फक्त ती बहुधा काचेची असते.

चारशे किलोमीटर उंचीवर हवा जवळजवळ नाहीच. जी आहे तिच्यात मोठा वाटा ऑक्सिजनच्या सुट्या अणूंचा. सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनच्या रेणूतली जोडी फोडतात आणि त्या विरळ हवेत अणूला पुन्हा जोडीदार सहसा भेटत नाही. असा एकटा अणू भलताच खादाड! त्यात यान सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने त्याच्यावर आदळते. प्लास्टिकमधला कार्बन सापडला की अणू त्याचा वायू करून टाकतो. नासाचा ‘एलडीईएफ’ हा उपग्रह १९८४मध्ये सोडला आणि १९९०मध्ये परत आणला, तेव्हा त्याच्या पुढच्या बाजूचे काही उघडे पातळ पापुद्रे पार नाहीसे झाले होते.

उपाय साधा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या सौरपंखांमध्ये ‘कॅप्टॉन’ नावाचे पिवळसर प्लास्टिक आहे. त्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा सुमारे १३० नॅनोमीटरचा थर चढवला. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पाचशेवा भाग. यातला सिलिकॉन ऑक्सिजनशी आधीच जोडलेला. राख पुन्हा जळत नाही, तसेच हे.

गोम आहे ती भोकात. थर चढवताना धुळीचा एखादा कण आड आला की तेवढी जागा उघडी राहते. अणू तिथून शिरतो आणि थराखालचे प्लास्टिक पोखरतो. वरून टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्र, खाली वाटीसारखी रुंदावत जाणारी पोकळी.

स्थानकावरच्या एका आवरणाला तर दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा थर दिला होता. दुहेरी संरक्षण, दुसरे काय? पण छिद्रातून आत शिरलेल्या अणूला मागून निसटायला वाटच उरली नाही. दोन थरांमध्ये आपटत तो खातच राहिला. वर्षभरात प्लास्टिक संपले, उरली फाटकी ॲल्युमिनियमची साल.

म्हणून संशोधकांनी प्लास्टिकच्या रेणूंमध्येच सिलिकॉन गुंफून पाहिला. त्याचे तुकडे स्थानकाबाहेर टांगून तपासले. अणूंचा मारा सुरू झाला की वरचा कार्बन जातो, सिलिकॉन ऑक्सिजन पकडून मागे राहतो आणि काचेसारखा थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तिथे नवा थर धरतो. इथे कल्हई करतो तो खादाड अणूच.