घशातून हृदयाची सोनोग्राफी

"डॉक्टरसाहेब, छातीवरून इको झालाय की! आता परत घशातून नळी कशाला?" आमच्या एका पेशंटबाईंच्या यजमानांनी फाईल टेबलावर आपटत मला विचारले. बाईंची हृदयाची झडप आकसलेली, दम लागायचा. फुग्याने झडप रुंद करायचे ठरले होते आणि त्याआधी शहरातल्या डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली होती. दोनदा पैसे काढण्याचा हा प्रकार, असे यजमानांचे मत. बाई गप्प होत्या. त्यांना नळीचीच धास्ती होती.

शंका रास्त होती. सोनोग्राफीत ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपतात. (१९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधायचे यंत्र वापरून हृदयाचे असे पहिले आलेख घेतले होते.) छातीवरून बघताना मात्र फासळ्या आणि हवेने भरलेली फुप्फुसे आडवी येतात. त्यात हृदयाचा डावा वरचा कप्पा सगळ्यात मागे, अन्ननलिकेला जवळजवळ टेकलेला. तो बघायचा तर परसदारातूनच डोकावावे लागते.

या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. झडप आकसली, ठोके अनियमित झाले, की तिथे रक्त साकळून गाठ होऊ शकते. साध्या इकोत ती बहुधा दिसतच नाही. फुग्याची नळी त्याच कप्प्यातून जाते. धक्क्याने गाठ सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू! झडप उघडायला गेलेली बाई लुळी होऊन घरी यायची.

तपासणी एंडोस्कोपीसारखीच. सुमारे सहा तास उपाशी राहायचे, कवळी काढायची. घशात बधिर करणारा फवारा मारतात, शिरेतून थोडे गुंगीचे औषध देतात. डाव्या कुशीवर झोपवून बोटाएवढी जाड नळी गिळायला सांगतात. उमासे येतात, हे खोटे कशाला सांगू? पण श्वास कोंडत नाही, कारण नळी श्वासनलिकेत जातच नाही. दहा-वीस मिनिटांत काम होते. नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत चहाचा घोटसुद्धा घेऊ नये, ठसका लागून तो भलतीकडे जाईल.

अन्ननलिकेला इजा क्वचितच होते. तरी घास अडकत असेल, रक्ताची उलटी झाली असेल, लिव्हरचा जुना आजार असेल, तर आधीच सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

बाईंच्या त्या पिशवीत गाठ निघाली. फुगा पुढे ढकलला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नेमाने चालल्या. तीन महिन्यांनी पुन्हा नळी घातली तेव्हा गाठ विरघळली होती. मगच झडप उघडली. आता बाई दवाखान्याचा जिना न थांबता चढून येतात, आणि फाईल यजमानांच्या हातात असते.